पैनगंगा ओलांडून लॅटिन मैफलीला: दोघांच्या शनिवार-रविवारचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याहून मुंबईला जायचं तर पूर्ण दिवस किंवा पूर्ण रात्र मोडते. हैदराबाद मात्र राष्ट्रीय महामार्ग ४४ वर सरळ दक्षिणेला, साधारण ३५० किलोमीटरवर. त्यामुळे केळापूर, झरी, मारेगाव, वणी या भागातल्या माणसाला साल्सा किंवा बचाता या लॅटिन अमेरिकी नाच-संगीताचा वाद्यवृंद समोर बसून ऐकायचा असेल, तर सोयीची वाट तेलंगणाच्या हद्दीवरच्या पैनगंगेच्या पुलावरूनच जाते. कार्यक्रम अडीच-तीन तासांचा, पण घर सोडल्यापासून घरी टेकेपर्यंत २६ ते ३३ तास जातात. शिवाय सोबत जो सहकारी येणार आहे त्याच्याशी सोमवारी पुन्हा त्याच टेबलावर, त्याच गठाणींपाशी किंवा त्याच स्टाफरूममध्ये गाठ असते. म्हणून तिकीट काढायच्या आधी दोन गोष्टी तोंडावर बोलून घ्याव्यात: परत कसं यायचं आणि पैसे कसे वाटायचे. बाकी सगळं नंतर जमतं.

पोस्टर नीट वाचा

‘लॅटिन नाइट’ असं लिहिलेल्या पाचपैकी पाचही ठिकाणी वाद्यवृंद असेलच असं नाही. पोस्टरवर ‘लाइव्ह बँड’ असे शब्द आणि वादकांचे फोटो आहेत का ते आधी पाहा. फक्त ‘डीजे’ किंवा ‘सोशल’ लिहिलं असेल तर ती नाचाची संध्याकाळ आहे. ऐकायला जाल तर हात हलवत परत याल. ‘एसबीके’ दिसलं तर त्याचा अर्थ साल्सा, बचाता, किझोम्बा. यातला किझोम्बा मुळात अंगोलाचा, म्हणजे आफ्रिकेतला. लॅटिन नाचांच्या पंगतीत तो नंतर येऊन बसला. अशा कार्यक्रमात दुपारी शिकवणी, रात्री नाच असतो. नवख्या जोडीसाठी ते वाईट नाही, पण साडेतीनशे किलोमीटर त्यासाठीच जायचं का, ते ठरवून जा.

बँड असेल तर किती जणांचा ते बघा. साल्साचा भरलेला ताफा आठ ते चौदा माणसांचा असतो: ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, पियानो, बास, कोंगा, बोंगो, टिंबाल, गायक आणि मागचे झीलकरी. गिटार आणि एक खोक्यासारखा ड्रम घेऊन दोन-तीनच जण असतील तर ते हॉटेलातलं पार्श्वसंगीत निघण्याची शक्यता जास्त.

जागा उघडी की बंद, हेही पोस्टरवरूनच कळतं आणि परतीचं गणित त्यावर बसतं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. काही ठरावीक दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देतं, ती वेगळी गोष्ट. त्यामुळे मैदानावरचा कार्यक्रम सहसा १० ला आटोपतो. बंद सभागृहातला किंवा हॉटेलातला पुढे लांबू शकतो.

रजा आणि पैसा

शनिवारचा कार्यक्रम धरा. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयातल्यांना रजेची गरज नाही, पण शासकीय कर्मचाऱ्याने मुख्यालय सोडण्याची परवानगी घ्यायला हवी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ती एका ओळीची असते आणि शुक्रवारी दुपारपर्यंत सहीला गेली पाहिजे. शाळेतल्यांचा शनिवार सकाळचा असतो. अकराला सुटून निघालात तर सातच्या कार्यक्रमाला पोचणं धापा टाकत होतं, तेव्हा किरकोळ रजाच टाका. दोनच माणसांच्या शाखेत किंवा दोनशिक्षकी शाळेत दोघांनी एकाच दिवशी रजा मागितली की नकार ठरलेला. तिथे रविवारचा कार्यक्रम निवडून सोमवारची रजा एकानेच घ्यावी हेही जमत नाही, कारण दोघं सोबतच परतणार. तेव्हा सुट्टीला जोडून आलेला कार्यक्रम शोधा. जिनिंगमधल्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या भानगडीत पडूच नये. कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना मालक हो म्हणत नाही आणि म्हटलं तरी मन तिकडेच राहतं.

पैशांचं असं: तिकिटाची पहिल्या पानावरची किंमत खरी नसते. सुविधा शुल्क आणि जीएसटी शेवटच्या पानावर चढतात. ज्याने पैसे भरले त्याने अंतिम रकमेचा फोटो लगेच पाठवावा आणि दुसऱ्याने त्याच दिवशी अर्धे द्यावेत. ‘भाऊ, तिकडे गेल्यावर पाहू’ यावर सोडलं की डिझेल, टोल, लॉज, जेवण एकात एक मिसळतं आणि मग कोणीच विचारत नाही, फक्त आठवतं. एकजण वरिष्ठ असेल तर हे जास्त जपावं. साहेब म्हणतील ‘राहू दे’, पण हिस्सा द्यावाच. दारू किंवा जास्तीचा खाण्याचा खर्च मात्र ज्याचा त्याचा. तो अर्धा-अर्धा करणं न घेणाऱ्यावर अन्याय आहे.

जायचं कसं

एसटीने आदिलाबाद, तिथून तेलंगणाच्या बसने हैदराबाद, हा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग. पांढरकवड्याहून आदिलाबाद तास-सव्वा तास, पुढे सहा-सात तास. महिलांना एसटीत असलेली निम्म्या भाड्याची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. तेलंगणातला महिलांचा मोफत प्रवास तिथल्या रहिवाशांसाठी आहे. आपलं महाराष्ट्राचं आधार कार्ड दाखवून तो मिळत नाही, कंडक्टरशी वाद घालू नये. आदिलाबादहून आरक्षण करताना उतरण्याचं ठिकाण जेबीएस टाका, म्हणजे सिकंदराबादचा ज्युबिली बसस्टँड. एमजीबीएसपर्यंत, म्हणजे महात्मा गांधी बसस्टँडपर्यंत, जाऊ नका. जेबीएसच्या शेजारीच परेड ग्राउंड मेट्रो स्थानक आहे. तिथून निळ्या मार्गाने अमीरपेट, हायटेक सिटी, रायदुर्ग असं थेट जाता येतं. असे कार्यक्रम बहुतेक माधापूर-गच्चीबावलीच्याच बाजूला होतात.

वणीकडच्यांना बल्लारशा स्टेशन गाठून काझीपेटमार्गे सिकंदराबादची गाडी घेणं सोपं. अंतर पावणेचारशेच्या आसपास. आदिलाबादहून कृष्णा एक्स्प्रेसही आहे, पण ती मुदखेड-निजामाबाद असा वळसा घेऊन जाते. रस्त्याच्या मानाने वेळ जास्त.

स्वतःच्या गाडीने जायचं तर सकाळी सहाला निघा. फास्टॅगमध्ये आधीच पुरेसे पैसे टाका. पुलापलीकडे पिप्परवाडा, रोलमामडा, गमजाल, इंदलवाई, भिकनूर, मनोहराबाद असे नाके एकामागे एक येतात, आणि टॅग रिकामा निघाला तर टोल जास्त पडतो. टायरची हवा गार असतानाच पांढरकवड्यात भरून घ्या. रस्ता चांगला आहे, म्हणूनच डुलकी लागते. दर दोन तासांनी चालक बदला, त्यासाठी दोघांचेही परवाने सोबत हवेत.

सकाळी सहाला निघालं की दुपारी एक-दीडला पोच. हे लवकर वाटतं, पण लॉजवर अंघोळ, दोन तास झोप आणि पाच-साडेपाचला पोटभर जेवण यातच वेळ जातो. हॉलमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत आणि आतलं महाग. भाकरी, ठेचा, दशम्या हे प्रवासातच संपवा.

कानाची तयारी

इथे मात्र घाई करू नका, कारण निम्मे लोक कंटाळून बाहेर येतात ते यामुळेच. आपला कान समेवर वाढलेला. भजन असो की तबला, सगळे फिरून एकावर भेटतात आणि तिथे मान हलते. साल्सात त्या एकावर बास वाजतच नाही. आपण तिथे टाळी देतो, खाली काही सापडत नाही, आणि दोन गाण्यांत वाटतं की ‘हे काही आपलं नाही बाप्पा’.

यावर औषध पाच ठोक्यांचं आहे. त्याला क्लावे म्हणतात. क्लावे हे दोन छोट्या लाकडी दांड्यांचंही नाव आणि त्यावर वाजणाऱ्या आकृतिबंधाचंही. तीनतालासारख्या १६ मात्रा धरा. डाव्या हाताच्या करंगळीपासून मोजा: प्रत्येक बोटाची तीन पेरं आणि टोक मिळून चार, चार बोटांच्या १६. अंगठा फिरवत जा आणि उजव्या हाताने मांडीवर थाप द्या ती फक्त १, ४, ७, ११ आणि १३ वर. म्हणजे करंगळीचं पहिलं पेर, करंगळीचं टोक, अनामिकेचं तिसरं पेर, मधल्या बोटाचं तिसरं पेर, तर्जनीचं पहिलं पेर. पहिल्या आठात तीन ठोके, दुसऱ्या आठात दोन. याला तीन-दोन क्लावे म्हणतात. अर्धे उलटवले की दोन-तीन: ३, ५, ९, १२, १५.

सुरुवातीला सेकंदाला एक मात्रा, इतकं संथ. दोन दिवसांनी दुप्पट. प्रत्यक्ष मंचावर ही १६ मात्रांची फेरी अडीच-तीन सेकंदांत होते, तेव्हा आठवडाभर रोज दहा मिनिटं लागतातच. सहकाऱ्यासोबत केलं तर आणखी बरं: एकाने १६ मोजायच्या, दुसऱ्याने पाच ठोके द्यायचे, मग अदलाबदल. चूक जवळजवळ प्रत्येकाची तीच होते, ११ चा ठोका ९ वर पडतो. सातनंतर मुद्दाम तोंडाने ‘आठ-नऊ-दहा’ म्हणा, चूक सुटते. सातचा ठोका आठवर सरकला तर तो रुम्बाचा क्लावे झाला. चुकून का होईना, तोही खराच आहे.

आता बास. तो ४, ७, १२, १५ वर येतो, म्हणजे तीनच्या बाजूचे शेवटचे दोन ठोके आणि बास एकाच जागी पडतात. समेच्या आधीच पाऊल उचलल्यासारखी ही ओढ असते, आणि नाचणाऱ्यांचे पाय तीच ओढ धरून चालतात.

गर्दीत क्लावे हरवला तर कोंगा धरा. उंच पिंपासारखे ढोल, हाताने वाजतात. त्यांच्या प्रत्येक आठ मात्रांच्या शेवटी दोन खुल्या थापा येतात, ‘दुम-दुम’, सातवर आणि आठवर. त्यानंतरची जी जागा, तीच एक. हे एवढं सापडलं की पुढे रात्रभर वाट चुकत नाही.

बाकी वाद्यं डोळ्यांनीच ओळखता येतात. बोंगो म्हणजे गुडघ्यांमध्ये धरलेली लहान जोडी. लहान तोंडाला माचो म्हणजे नर, मोठ्याला एम्ब्रा म्हणजे मादी. टिंबाल धातूच्या अंगाचे, काठीने वाजणारे. प्रसिद्ध टिंबालवादक टीटो पुएंते यांनी ते मागून उचलून मंचाच्या पुढे आणले. ग्विरो म्हणजे खाचा पाडलेला तुंबा, काडीने खरवडतात. माराका म्हणजे आपला खुळखुळा, पण वाजवणाऱ्याचं मनगट बघा.

गाण्याचे दोन भाग असतात. पहिल्यात कथानक, चाल ठरलेली. मग झीलकरी एकच ओळ धरतात आणि मुख्य गायक प्रत्येक फेरीत तिच्या मधे नवं काही जोडतो. खंजेरी भजनात बसलेल्याला हे समजावायची गरज नाही. दुसरा भाग सुरू होताना बोंगोवाला बोंगो खाली ठेवून हातात घंटा घेतो, गायीच्या गळ्यातल्या घाटीसारखी. ते दिसलं की नाचणारे सरसावतात. आपणही मोबाइल खिशात घालावा.

साल्सा या नावाने हे संगीत १९६० आणि ७० च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये वाढलं, क्युबन आणि पोर्तोरिकन वस्त्यांत. वादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी १९६४ मध्ये काढलेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीने ते जगभर नेलं. बाकीचे प्रकार थोडक्यात. बचाता आणि मेरेंगे दोन्ही डॉमिनिकन रिपब्लिकचे. बचातात गिटार रडते आणि दर चौथ्या ठोक्याला कंबरेचा हलका झटका असतो. मेरेंगे सरळ चालीचं, कवायतीसारखं एक-दोन. नवख्याने नाचायला तिथूनच सुरुवात करावी. कुंबिया कोलंबियाची, बैलगाडीच्या डुलत्या चालीची. रेगेटोनचा ठेका सगळ्यांनी रिक्षात ऐकलेला असतो. सांबा ब्राझीलचा आणि त्याची भाषा पोर्तुगीज, स्पॅनिश नव्हे; तिथे मोठा सुर्दो ढोल दुसऱ्या ठोक्यावर जोर देतो.

‘वन्स मोअर’ला स्पॅनिशमध्ये ‘ओत्रा’. दोन-तीनदा लागोपाठ ओरडायचं.

गेटपाशी

तिकिटाचा क्यूआर गावातच, नेट चालू असताना उघडून ठेवा. गेटवर हजार मोबाइल एकाच टॉवरला लटकलेले असतात आणि चक्र फिरत राहतं. काही अॅपमध्ये क्यूआर दर काही सेकंदांनी बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट अॅपमध्येच उतरवून घ्या. दोन्ही तिकिटं एकाच्या खात्यात असतील तर दोघांनी सोबतच आत जावं, नाहीतर दुसऱ्याचं तिकीट त्याच्या नंबरवर आधीच हस्तांतरित करावं. ज्याच्या नावावर तिकीट त्याचं मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. बॅग लहान. पाण्याची बाटली, तंबाखूची पुडी, काडेपेटी गेटवरच काढून घेतात. खर्रा खाणाऱ्याने ते तीन तास आधीच मनाशी मान्य करावेत. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत घेत नाहीत, तेव्हा ‘जरा बाहेरून येतो’ हा प्रकार नको.

चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरताच ठरवा. आवाज नियंत्रित करणारा माणूस जिथे मिक्सर लावून बसतो, ती जागा उत्तम. ती हॉलच्या मध्यावर, मागच्या बाजूला असते, उंचावर असल्याने दिसते, आणि आवाजही तिथेच सर्वांत नीट येतो, कारण तो माणूस त्याच्या कानानेच सगळं बसवत असतो. मंचाच्या अगदी पुढे डाव्या-उजव्या स्पीकरपाशी उभं राहिलात तर फक्त बास ऐकू येईल.

कानात फोमचे बूच घाला, मेडिकलमध्ये मिळतात. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. बूच बोटांत पिळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. कापसाचा बोळा घालू नका. आपल्याकडे तो फुकटात मिळतो हे खरं, पण आवाज अडवायला त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

नाचायचं की नाही

कोणी हात पुढे केला आणि नाचायचं नसेल तर हसून मान हलवायची, कारण द्यायचं नाही. या वर्तुळात नकाराचा राग कोणी धरत नाही. विचारताना तसंच: हात पुढे, नजर समोर, आणि ‘नाही’ म्हटलं की विषय संपला. सहकारी स्त्री-पुरुष असतील तर नाच त्यांच्या मर्जीचा, पण फोटोचं आधी बोलून घ्या. कोणाचा फोटो कोणत्या ग्रुपवर जाईल हे ज्याच्या-तिच्या परवानगीशिवाय होऊ नये. गावात गोष्ट हैदराबादच्या बसपेक्षा लवकर पोचते. घरी मात्र दोघांनीही कुठे, कोणासोबत, कुठल्या लॉजवर ते स्पष्ट सांगून जावं.

साल्साचं मूळ पाऊल: एक-दोन-तीन, थांब, पाच-सहा-सात, थांब. वरच्या १६ मात्रांत हे १, ३, ५ आणि ९, ११, १३ वर पडतं. पावलं लहान ठेवा, फूटभरही नको. मोठी पावलं टाकणारा दुसऱ्या गाण्यात दमतो आणि शेजाऱ्याच्या पायावर पडतो. बूट गुळगुळीत तळाचे. खडबडीत रबरी तळ फरशीला चिकटतो आणि वळताना गुडघा पिरगळतो.

टाळी फक्त क्लावे पक्का असेल तरच. कोंगाचा एकल तुकडा चालू असताना आजूबाजूची चुकीची टाळी वादकाला खरंच त्रास देते.

परत येताना

मैदानावरचा कार्यक्रम १० ला संपला तर गर्दीतून बाहेर पडायला २०-३० मिनिटं. शेवटची मेट्रो रात्री ११ च्या सुमारास असते. त्या दिवसाची वेळ स्थानकावर उतरतानाच बघून ठेवा. ती मिळाली तर पाऊण तासात परेड ग्राउंड, आणि आधी आरक्षण असेल तर जेबीएसहून रात्रीची बस, सकाळी आदिलाबाद. कार्यक्रम बंद हॉलमध्ये असेल तर या भरवशावर राहू नका, लॉजच घ्या.

गाडी असेल तरी रात्री निघू नका. अकराला निघालेला माणूस पहाटे चार-पाचला आदिलाबादच्या आसपास असतो, म्हणजे झोप सर्वांत जड तेव्हा. शिवाय पाटणबोरी ते पांढरकवडा पट्ट्याला टिपेश्वरचं जंगल लागून आहे. रोही आणि रानडुक्कर दिव्याला बुजून समोरच थांबतात. कापसाच्या मोसमात रुंद भरलेले ट्रकही मागचे दिवे झाकून चालतात. रविवारी सकाळी आठला चहा घेऊन निघा, तीनपर्यंत घरी.

उरलेली बाटली गाडीत ठेवून पूल ओलांडू नका. परराज्यातली दारू परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे, आणि गाडी पुढे वर्ध्याला किंवा गडचिरोलीला जाणार असेल तर तिथे दारूबंदीच आहे. तपासणीत सापडली तर दोघंही अडकू शकतात.

रविवारी कानात शिट्टी वाजत राहिली तर घाबरू नका, पण त्या दिवशी हेडफोन लावू नका आणि लग्नाच्या डीजेपासून लांब राहा. मंगळवारपर्यंत ती थांबली नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.